मुकादमाचं बिऱ्हाड

वाफताईला स्वस्थ बसता येत नसे. ती खुर्चीवर टेकली तरी अर्धीच टेकते, उरलेली अर्धी तेवढ्यात उठून कुठेतरी काहीतरी पुसून येते, असं तिचा नवरा म्हणे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, वाफेत घालून जंतुमुक्त करायची खोली आहे. त्या खोलीत तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. तिथल्या वाफेवरूनच तिला हे नाव पडलं होतं. चिमटे, कात्र्या, सुऱ्या, सगळं तिच्या हातून जायचं. हिरव्या कापडात गुंडाळायचं, वर चिकटपट्टी लावायची, यंत्रात ढकलायचं. बाहेर आल्यावर पट्टीवरच्या रेघा काळ्या पडल्या असतील तर माल शुद्ध, नसतील तर पुन्हा पहिल्यापासून. मोठमोठे सर्जन तिच्या पट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवत. ती स्वतः मात्र कुणावरच ठेवत नसे.

घरीही तोच खाक्या. भांडी दोनदा घासायची, फडकी रोज उकळायची, दारांच्या कड्या शनिवारी. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी ग्रीसचे हात घेऊन तो उंबऱ्याबाहेर उभा राही आणि "आज आत घेणार का?" असं विचारी. त्याला ती पंचवीस वर्षं रोज आत घेत होती, पण आधी हात धुवायला लावून.

त्या घरात एकच गोष्ट अशी होती की जिला वाफताईचं फडकं लागलं नव्हतं. ती म्हणजे आबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, माशाची काचपेटी.

आबांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला होता. निवृत्त झाल्यावर हा माणूस आता घरात बसून काय करणार, अशी सगळ्यांना काळजी. त्यांनी एक पेटी आणली आणि बोटभर लांबीचा एक नारिंगी मासा आणला. अकरा वर्षांत तो वीतभर झाला. सकाळी खाणं पडायच्या आधी तो पेटीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन यायचा, प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबायचा, नाक लावायचा आणि पुढे सरकायचा. माल भरायच्या अड्ड्यावरचा मुकादम अगदी असाच ट्रकभोवती फिरायचा, टायरला लाथ मारायचा आणि एक शब्द न बोलता पुढे जायचा, असं आबा सांगत. म्हणून माशाचं नाव मुकादम.

मुकादमाबद्दल वाफताईची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या घराबद्दल. काचेला आतून हिरवट साय, तळाच्या खड्यांवर तपकिरी गाळ, आणि कोपऱ्यातल्या फिल्टरमधला स्पंज तर असला की तिकडे न बघता खोलीतून जायला ती शिकली होती. कधी राहवलं नाही आणि हात फडक्यासकट पेटीकडे वळलाच, तर पाठमोऱ्या आबांनाही ते कसं कळे कोण जाणे. "सूनबाई, हात लावू नकोस," एवढंच ते म्हणत. अकरा वर्षं तेच वाक्य, त्याच सुरात. ती "बरं" म्हणे आणि पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी आपटे.

मग आठ महिन्यांपूर्वी आबांना झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढू लागला आणि शब्द तर पार पुसले गेले. समजायचं सगळं, बाहेर पडायचं फक्त "हं" नाहीतर "अं". घरातली माणसं डोळ्यांसमोर असून नावं सापडत नसत, तेव्हा ते कपाळावर मूठ मारून घेत. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत, चित्रं दाखवत. उपयोग शून्य. आणि एका सकाळी पेटीसमोर बसल्या बसल्या आबा एकदम बोलले, "काय मुकादम, घेतली का हजेरी?" सबंध वाक्य. वाफताईच्या हातातला पेला सुटला.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज बोलून बोलून हे वाक्य पक्कं बसलंय, म्हणून उरलंय. हे रोज होऊ द्या. याला धरूनच बाकीचं परत येईल. पण हे तुटू देऊ नका."

तेव्हापासून वाफताईचा जीव त्या वीतभर माशात अडकला. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नाही.

अशात इमारतीतले पाण्याचे नळ सडल्याचं निघालं. भिंती फोडून सगळी जोडणी बदलायची होती; वीस दिवस सगळ्यांनी घरं सोडायची. वाफताईने धावपळ करून रुग्णालयाच्या आवारातली एक रिकामी खोली मिळवली. कपडे, भांडी, औषधं यांचं काय, ती पिशवीत जातात. मुकादमाचं काय?

तिने मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. तो गिऱ्हाइकात होता, तरी भराभर सांगत गेला. आदल्या दिवशी खाणं बंद. झाकणाच्या बादलीत त्याचंच जुनं पाणी. नव्या जागी नळाच्या पाण्यात क्लोरीन मारायचं औषध. पाण्याची उष्णता एकसारखी होईपर्यंत घाई नको, पेला पेला पाणी मिसळायचं. "आणि ताई, फिल्टर, स्पंज, खडे जसेच्या तसे न्या."

वाफताईने सगळं कागदावर उतरवलं. शेवटचंही उतरवलं, पण ते काही तिला पटलं नाही. नव्या जागी आजारी म्हातारा माणूस आणि जुनी घाण जशीच्या तशी न्यायची? दुकानदार मासे विकतो, त्याला जंतूंमधलं काय कळणार! जंतूंमधलं तिला कळत होतं. अठ्ठावीस वर्षं ती दुसरं काय करत होती?

निघायच्या आदल्या सकाळी तिने स्पंज काढून ताटलीत ठेवला आणि पिशवी आणायला आत गेली. परत येते तर आबा ताटलीवर वाकलेले. तिने स्पंज उचलला तसे ते काठी आपटायला लागले, डाव्या हाताने तिचा पदर धरून "अं, अं" करू लागले.

"हरवत नाही मी आबा, उद्या परत मिळेल तुम्हाला."

स्पंज एका बाजूने पार फाटला होता. अकरा वर्षांचा, सडला असणार, असं तिने मनाशी म्हटलं.

वाफखोलीत भंगारात काढायचं एक छोटं यंत्र होतं. त्यात तिने स्पंज, खडे आणि फिल्टरची जाळी घातली, सवयीने वर पट्टीसुद्धा लावली. रेघा काळ्याकुट्ट पडल्या. तपकिरी गोळा आत गेला होता, पिवळाधमक स्पंज बाहेर आला. मूळचा रंग पिवळा आहे, हे तिला अकरा वर्षांनी कळलं. तिला इतका आनंद झाला की तिने तो नवऱ्याला नेऊन दाखवला.

"छान," नवरा म्हणाला. "आता यानेच अंघोळ करू का?"

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत मागच्या सीटवर वाफताई, तिच्या दोन पायांमध्ये बादली आणि शेजारी आबा. आबांच्या मांडीवर त्यांचा कडीचा डबा. ट्रकवर असल्यापासून ते त्याच डब्यातलं पाणी पीत. डबा घासायला म्हणून तिने सकाळी मागितला होता, तर त्यांनी मूठ सोडली नाही. आजारी माणसाशी झटापट कशाला, म्हणून तिने नाद सोडला.

रस्त्यात प्रत्येक सिग्नलला ती झाकण उचलून आत बघे. गतिरोधक आला की बादलीसकट स्वतः अधांतरी होई. "हळू हो दादा, हळू."

"आहे काय बादलीत?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"मुकादम," पुढे बसलेला नवरा म्हणाला. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा बादलीकडे, एकदा वाफताईकडे पाहिलं.

"अगं, अंधारात राहू दे त्याला," नवरा मागे वळून म्हणाला. "तू सारखी उघडतेस, त्यानेच तो दचकून जाईल."

तिला पटलं. तिने झाकण लावलं आणि पुढच्या चौकात पुन्हा उचललं.

खोली लहानशी, दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. टेबलावर तिने प्लास्टिकचा मोठा पारदर्शक टब मांडला, औषध घातलेलं पाणी भरलं, थर्मामीटर बुडवला. बादलीत पेला पेला पाणी मिसळण्यात एक तास घालवला. जुनं पाणी ओतून दिलं आणि मुकादमाला हलकेच टबात सोडलं. नव्या जागी मासे उडी मारतात असं तिने ऐकलं होतं, म्हणून टबावर भोकांचं झाकण घालून चारही बाजूंनी घट्ट चिमटे लावले. सगळं लखलखीत. दुसऱ्या सकाळी मुकादमाने चार कोपरे पाहिले, आबांनी हजेरीचं विचारलं आणि वाफताई त्या दिवशी कामावर चक्क गुणगुणली.

तिसऱ्या दिवशी ती खाणं घालत असताना आबा डबा घेऊन टबाशी आले आणि ओतायलाच निघाले. तिने मनगट धरलं. "आबा! पिण्याचं पाणी त्यात कशाला?" आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तीच आजारी आहे. नंतर तिने पाहिलं, ती टबातलं थोडं पाणी बदलून बादलीत टाकी, त्या टाकलेल्या पाण्यात आबा रोज डबा बुडवत. म्हाताऱ्याचं डोकंही चाललं की काय? ती तिथेच उभी राहून पहारा करी, पण त्या डब्यातून त्यांना पिताना मात्र तिने कधी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी मुकादम पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागला. पाचव्या दिवशी तळाशी बसला. पंखांच्या कडांना लाल रेघा उठल्या. कोपरे नाहीत, हजेरी नाही. आबा खुर्ची ओढून समोर बसले, तोंड उघडलं, वाट पाहिली आणि तोंड मिटलं. दिवसभर त्यांच्या तोंडून "हं"सुद्धा निघालं नाही.

वाफताईच्या तोंडचं पाणी पळालं. जंतू! तिने मुकादमाला बादलीत घेतलं, टब रिकामा करून घासला, स्पंज पुन्हा यंत्रातून काढला, सगळं पाणी नवं भरलं. एक दिवस तो जरा बरा वाटला. सातव्या दिवशी तो एका कुशीवर कलंडून उभा होता. खोलीतून वाफखोलीत, वाफखोलीतून खोलीत अशा तिच्या त्या सकाळी सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला तिने बाटलीत टबातलं पाणी भरलं, हाताखालच्या मुलीला "आलेच" म्हणून सांगितलं आणि मासेवाल्याचं दुकान गाठलं.

दुकानदाराने काचेच्या नळीत ते पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. रंग बदलला म्हणजे काय, हे वाफताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"जुना स्पंज लावलाय ना?" त्याने विचारलं.

"लावलाय. उकळून, वाफेतून काढून. दोनदा."

दुकानदाराने नळी खाली ठेवली आणि डोक्याला हात लावला. "अहो ताई, त्या घाणीतच सगळं होतं! मासा पाण्यातच सगळं करतो. त्याचं पाण्यात विष होतं, आणि ते विष खाऊन टाकणारे जंतू त्या स्पंजात राहतात. महिनोन्महिने लागतात ते वाढायला. तुम्ही सगळे मारून टाकलेत."

"चांगले जंतू?" तिने विचारलं. हे दोन शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र उच्चारले असावेत.

"चांगलेच. आता दुसऱ्या पेटीतला घाणेरडा स्पंज मिळाला तर वाचेल. माझा दिला असता, पण माझ्या पेट्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फिरतोय. तुमच्या जुन्या पेटीत काही उरलं असेल तर बघा. गाळ, एखादा न धुतलेला खडा, काहीही. तोवर रोज पाव पाणी बदला, सगळं एकदम नाही."

ती तशीच घराकडे सुटली. जिना सिमेंटच्या पोत्यांनी अडलेला, न्हाणीघराची भिंत फोडलेली, सगळीकडे धुरळा. पेटी कोपऱ्यात पालथी होती. तिने ती उजेडात धरली. आरसा! निघताना तिनेच तर पुसली होती, कोपऱ्यांत काडीला कापूस लावून. खड्यांचा एक कण नाही, सायीचा एक ठिपका नाही. टेबलाखाली, फळीमागे, मोरीच्या जाळीत, गुडघ्यांवर रांगत तिने आपलं घर पालथं घातलं. गवंडी बघत राहिला.

"काय हरवलं, बाई?"

"घाण," ती म्हणाली. "जुनी घाण शोधतेय."

सगळ्या इमारतीत सिमेंटचा धुरळा होता, आणि तिला हवी होती ती चिमूटभर घाण तिच्याच घरात नव्हती. तिने ती राहूच दिली नव्हती. फरशीवर बसून ती रडली. आबांना काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

परत आली तेव्हा नवरा कामावरून येऊन टबाशी बसला होता. त्याने मान हलवली, म्हणजे अजून आहे. आबा खाटेवर, डबा उशाशी. ती त्यांच्या पायांशी बसली.

"आबा, मी चुकले. तुम्ही नको नको म्हणत होतात. मी स्पंज उकळला. आपला मुकादम माझ्यामुळे चाललाय."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने डबा ओढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि बोटाने झाकणावर दोनदा टकटक केलं.

तिने झाकण काढलं. आत गढूळ पाणी आणि पाण्यात तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारा अर्धा स्पंज. फाटलेला. त्या सकाळी ती पिशवी आणायला आत वळली, तेवढ्यात एका हाताने आणि दातांनी म्हाताऱ्याने तो तोडला होता. माशाच्याच पाण्यात रोज भिजवून सात दिवस जिवंत ठेवला होता. आणि ते चार चिमटे एका हाताने निघत नव्हते, म्हणून नुसता मुकादमाला मरताना पाहत बसला होता. हे सगळं वाफताईला एकदम कळलं आणि तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आण इकडे, मी टाकतो," नवरा म्हणाला.

"नको. मीच."

तिने चिमटे काढले. हातमोजे घातले नाहीत. तो घाणेरडा गोळा तिने उघड्या बोटांनी उचलला, फिल्टरमध्ये बसवला आणि डब्यातलं गढूळ पाणीही वरून ओतलं. स्वच्छ पाण्यात तपकिरी धूर पसरला. ते बघताना तिच्या अंगावर शहारे आले. पण ती तिथून हलली नाही.

पुढचे दिवस वाफताईच्या आयुष्यातले सगळ्यात लांब. काही करायचं नव्हतं, आणि तेच तिला जमत नव्हतं. पाव पाणी बदलायचं, दुकानदाराकडून आणलेल्या नळीत थेंब टाकायचे, बस. मधल्या वेळी हात शिवशिवत. तिने खोलीची खिडकी तीनदा पुसली, नवऱ्याचे बूट पुसले, नवरा पायांत बूट घालून उभा असतानाही पुसले. थेंबांचा रंग गडद हिरव्यावरून पोपटी झाला. मुकादम सरळ उभा राहू लागला, मग दोन दाणे खाल्ले. पण कोपऱ्यात जाईना, आणि आबा रोज तोंड उघडून मिटत.

स्पंज बसवल्यापासून नवव्या सकाळी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. तिने ती खिडकीशी नेऊन उजेडात पुन्हा पाहिली. पिवळंच. आणि ती वळली तेव्हा मुकादम डाव्या कोपऱ्यात होता. नाक लावलं, क्षणभर थांबला, पुढच्या कोपऱ्यात. तिसऱ्या. चौथ्या.

"काय मुकादम," आबा म्हणाले, "घेतली का हजेरी?"

नवरा चहाचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. वाफताईने श्वास सोडला. आणि श्वास सोडताना तिला दिसलं, की टबाच्या आतल्या बाजूला, अगदी कडेला, बोटभर हिरवट साय धरली आहे. इतक्या दिवसांची सवय. हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडे गेला, फडकं टबाकडे गेलं.

"सूनबाई, हात लावू नकोस."

तेच वाक्य, त्याच सुरात. आठ महिने ते तिने ऐकलं नव्हतं. त्या वाक्यावर तिने भांडी आपटली होती, नवऱ्याजवळ कुरकुर केली होती, आणि आज ते ऐकून तिला वाटलं की म्हाताऱ्याने पुन्हा म्हणावं, दिवसभर म्हणत राहावं. आबा स्वतःच दचकले होते. ते तिच्याकडे पाहत ओठ हलवत होते, आलेला शब्द जागेवर आहे ना हे चाचपून बघत होते. "सूनबाई," त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

तिने फडकं खिळ्याला अडकवलं, आबांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि बसली. सगळीच्या सगळी बसली.